वारुळापासून वास्तूपर्यंत

देवणी म्हटलें कीं जाणकारांना आठवतो तेथील गोवंश. वानेरा, शेवरा आणि बालंक्या या रंगरूपांनीं ओळखलीं जाणारीं तीं देखणीं जनावरें लातूर जिल्ह्यांतील या तालुक्याचें नांव दूरवर घेऊन गेलीं आहेत. परंतु त्याच शिवारांत बांधाच्या कडेला आणखी एक नवल उभें असतें, आणि नागपंचमीखेरीज त्याकडे कोणी फारसें वळून पाहत नाहीं. तें म्हणजे वारूळ. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. वारूळ बांधणारा कारागीर नाग नव्हे, तो वाळवीचा इवलासा किडा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत जमीन भेगाळते, माणसें सावली धरून बसतात, आणि या मातीच्या ढिगाऱ्यांत असंख्य जीवांचा संसार बिनबोभाट चालूं असतो. इतक्या जीवांना हवा मिळते कशी? प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर शोधण्यासाठीं निरनिराळ्या देशांतील माणसांना एकमेकांचा हात धरावा लागला.

आफ्रिकेंतील हरारे शहरांत १९९६ सालीं ‘ईस्टगेट’ नांवाची मोठी इमारत उभी राहिली. वारुळांतील तापलेली हवा धुराड्यांतून जावी तशी वर जाते, खालून गार हवा आंत येते, आणि त्यामुळें आंतील उष्णमान स्थिर राहतें, अशी त्या काळीं समजूत होती. वास्तुशिल्पी मिक पीअर्स यांनीं तिच्यावरून स्फूर्ति घेतली. रात्रीं पंख्यांनीं गार हवा खेळवावयाची, तिनें इमारतीचें जडशीळ अंग निववावयाचें, आणि तोच गारवा दिवसां खोल्यांना पुरवावयाचा, अशी ही योजना. नेहमींच्या वातानुकूलन-यंत्रणेवांचून कचेऱ्या चालूं लागल्या.

गंमत अशी कीं, मूळ समजूतच अपुरी होती. स्कॉट टर्नर व रूपर्ट सोअर यांनीं आफ्रिकेंतील वारुळें बारकाईनें तपासून २००८ सालीं दाखवून दिलें कीं, तें धुराडें नसून एक प्रकारचें फुप्फुस आहे. वाऱ्याच्या चढउतारावर त्याचा श्वास चालतो. पुढें एल्. महादेवन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बंगळूर येथील वारुळांत मोजमापें घेतलीं. तीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालीं आणि त्यांतून निराळीच गोष्ट निघाली. दिवसां वारुळाच्या बाहेरील पातळ, पोकळ कडा लवकर तापतात. त्यांतील हवा वर चढते व मधल्या पोकळींतील हवा खालीं उतरते. रात्रीं कडा आधीं निवतात आणि हा क्रम उलटतो. म्हणजे आपल्याकडील ज्या उन्हाची आपण तक्रार करतों, त्याच्याच चढउतारावर हा किडा आपलें घर हवेशीर ठेवतो. समजूत चुकूनहि इमारत साधली, हें पीअर्स यांचें कौशल्य खरें. परंतु प्रत्येक वेळीं तसें साधेलच असें नाहीं.

म्हणूनच कीटकांचा अभ्यासक, गणिती आणि घरें बांधणारा यांची गांठ पडावी लागते. जॅनिन बेन्यस या अमेरिकन लेखिकेनें १९९७ सालीं निसर्गानुकरणावर ग्रंथ लिहिला. २००६ सालीं त्यासाठीं संस्था निघाली, आणि २००८ सालीं कोणासहि विनामूल्य पाहतां येईल असा प्राणी-वनस्पतींच्या युक्त्यांचा कोश खुला झाला. त्याची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे, ही त्याची मर्यादा.

महाराष्ट्रानेंहि असा एक प्रयोग पाहिला आहे. पुण्याजवळ मोसे नदीच्या खोऱ्यांत लवासा हें गिरिनगर आंखतांना एच्ओके या वास्तुसंस्थेनें बेन्यस यांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेतलें. मुंग्या आपल्या बिळाभोंवतीं पाणी कसें वळवितात, वडाच्या कुळांतील झाडांचीं पानें पाऊस कसा निथळूं देतात, हें पाहून पाट आणि छपरें यांच्या कल्पना मांडण्यांत आल्या. कल्पना सुरेख होत्या. पण पर्यावरणविषयक परवानगी नसल्याच्या कारणावरून नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय मंत्रालयानें काम थांबविण्यास सांगितलें. पुढच्या वर्षीं अटींसह ती मिळाली. आणि २०१८ सालीं कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याखालीं कारवाई सुरू झाली. पानाचें टोंक छपरावर आणतां येतें, पण डोंगर किती कापावा आणि तें कोणी ठरवावें, हें पान सांगत नाहीं. तें विचारावयाचें तर त्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना.

अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनीं उभारलेल्या ‘हनी बी’ मंडळानें ही गोष्ट ओळखली. मधमाशी मध नेते, पण फूल दरिद्री होत नाहीं, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्याला पोंचतो. तसेंच ज्याच्याकडून ज्ञान घेतलें त्याचें नांव सांगावें आणि तें त्याच्या भाषेंत त्याला परत द्यावें, असा त्यांचा दंडक आहे. १९९८ पासून हीं मंडळी शोधयात्रा काढून खेड्याखेड्यांतून पायीं हिंडत आली.

देवणीच्या शिवारांत अशी यात्रा काढली तर विचारण्याजोगें पुष्कळ आहे. काळी माती पावसांत फुगते, उन्हांत आक्रसते. तिच्यावर बांधलेल्या घरांना तडे जातात, हें तेथील कोणताहि गवंडी सांगेल. त्याच मातीच्या प्रदेशांत वाळवी आपलें वारूळ कोणत्या थरांतली माती आणून, ती किती ओली ठेवून रचते, पहिल्या पावसानंतर डागडुजी कोठून सुरू करते, हें पाहावयास महागडी उपकरणें लागत नाहींत. शाळेंतील उष्णतामापक, एक वही, आणि रोज सकाळसंध्याकाळ त्याच बांधावरून गुरें नेणारा एखादा गुराखी, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो.