बंदची वेळ आणि शेजारची झोप

इंग्लंडमध्ये रात्री अकराला बंद होणाऱ्या एखाद्या रेस्टॉरंटला एकपर्यंत दारू द्यायची असेल, तर मालकाला कौन्सिलकडे परवान्यात बदल मागावा लागतो. अर्जाची नोटीस फिक्या निळ्या कागदावर छापून दर्शनी भागी लावायची आणि २८ दिवस तिथेच ठेवायची. या मुदतीत रहिवाशांनी लेखी हरकत घेतली, की नगरसेवकांच्या समितीपुढे दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते. निकाल न पटल्यास दोघांनाही मॅजिस्ट्रेटकडे अपील करता येते. २००३चा परवाना कायदा २४ नोव्हेंबर २००५ रोजी पूर्णपणे लागू झाला, तेव्हापासूनची ही रीत. पूर्वी पब साधारणपणे सगळीकडे अकराला बंद होत. नव्या कायद्यानंतर प्रत्येक जागेची वेळ त्या जागेपुरती ठरू लागली. ही रीत कटकटीची आहे, दोन्ही बाजूंना खर्चात टाकणारी आहे, आणि तरीही ती योग्य आहे, असे माझे मत आहे. रात्री एकची वेळ एका रस्त्यावर निरुपद्रवी असते आणि शेजारच्याच गल्लीत असह्य. हे ठरवायचे तर त्या गल्लीत काय घडते, ते पाहावे लागते.

तक्रार संगीताची असणार, असे आपण धरून चालतो. संगीत आवरणे त्यातल्या त्यात सोपे असते: खिडक्या बंद करता येतात, आवाजाला मर्यादा घालणारे यंत्र बसवता येते. खरा त्रास दाराबाहेर सुरू होतो. जेवून निघालेली मंडळी टॅक्सीची वाट पाहत मोठ्याने बोलत उभी राहतात, गाड्यांची दारे आपटतात, बाहेरच्या खुर्च्या फरशीवरून खरवडत आत नेल्या जातात; आणि सगळे शांत झाले असे वाटते तोच कर्मचारी दिवसभराच्या रिकाम्या बाटल्या पिंपात ओततात. १ जुलै २००७पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई झाली, तेव्हा सिगारेट ओढणारेही फुटपाथवर आले. आरोग्यासाठी निर्णय उत्तमच, पण वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला त्याची झळ बसली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या होत्या: सरासरी ३० डेसिबल आणि एखाद्या सुट्या आवाजाला ४५. रात्रभराची सरासरी ठीक असूनही गाडीचे एक दार आपटले की झोप मोडते, हे त्यामागचे साधे कारण.

तरीही भीती आणि पुरावा यांत फरक करावाच लागतो. लिव्हरपूलजवळच्या विरल भागात थ्वेट्स कंपनीच्या सॉगल हॉटेल या पबने वेळ वाढवून मागितली आणि कौन्सिलने ती दिली. रहिवाशांनी अपील केल्यावर मॅजिस्ट्रेटनी ती पुन्हा कमी केली; इतर पब बंद झाले की तिथली गिऱ्हाइके इकडे लोटतील, असा त्यांचा कयास होता. २००८मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मॅजिस्ट्रेटच्या निकालाआधी पब कित्येक महिने वाढीव वेळेत चालला होता आणि भाकीत खरे ठरल्याचे काही दिसले नव्हते. हा अनुभव बाजूला सारून निव्वळ अंदाजावर वेळ कापणे न्यायालयाला मान्य झाले नाही. याच्या उलट, लंडनच्या सोहो भागातल्या एन्ड्युरन्स या पबची गिऱ्हाइके ग्लास घेऊन रस्त्यावर उभी राहत. त्या गोंगाटाच्या तक्रारींवरून वेस्टमिन्स्टर कौन्सिलने संध्याकाळी सहानंतर उघडे ग्लास बाहेर नेण्यास मनाई केली. प्रकरण २०११मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेले आणि मनाई टिकली. सोहो हा लंडनचा रात्री जागणारा भाग, तरी तिथे शेजारी जिंकले, कारण त्रास प्रत्यक्ष घडलेला होता.

यावर रहिवासी विचारतील, पुरावा जमेपर्यंत झोप आमचीच जाणार ना? प्रश्न रास्त आहे. त्यावर इंग्लंडच्या कायद्यात दोन वाटा आहेत. तात्पुरती सूचना देऊन मोजक्या रात्री उशिरापर्यंत चालवता येते, आणि त्या रात्री चाचणीसारख्या पाहता येतात. शिवाय परवाना दिल्यानंतरही त्याच्या फेरविचाराचा अर्ज रहिवासी करू शकतात. तेव्हा तारीख, वेळ, कशाचा आवाज, किती मिनिटे, अशी नोंद असलेली साधी वही संतापाने लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडते. मालकांचे म्हणणे वेगळे: गजबजलेल्या भागात राहायला आलात, तर गजबज सोसा. याला थोडा आधारही आहे. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी घरे बांधणाऱ्यानेच आवाज रोखण्याची सोय करावी, असे इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८पासून आहे. जो बदल घडवतो त्याने भार उचलावा, हे तत्त्व मला पटते. पण मग ते पुरते पाळावे. अकराचे एक मागणारा रेस्टॉरंटवालाच तिथे बदल घडवत असतो. त्याला अंदाजावर नकार देऊ नये हे खरे, मात्र गर्दी कशी पांगवणार आणि बाटल्या कधी टाकणार, हे आधी त्याने सांगितले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न सरसकट आदेशाने सुटेल, असे मानले जाते. २७ जानेवारी २०२०पासून मुंबईच्या अनिवासी भागांतले मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला मुभा मिळाली, दारूची वेळ मात्र दीडचीच राहिली. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण शेजाऱ्याला तिचा आधार मिळतो तो आवाज झाल्यावर, पोलिसांना फोन करताना. शेजाऱ्यांचा कौल आपल्याला नवा नाही. आडवी बाटली की उभी, असे मतदान होऊन दारूची दुकाने बंद झाली आहेत. पण तिथे निवड दोनच गोष्टींत असते, दुकान राहणार किंवा जाणार. पुण्याच्या कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगरातल्या रहिवाशाचे काम त्याहून कमी मागण्यांत भागू शकते: बाहेरची टेबले दहाला उचला, बाटल्या सकाळी टाका, दारात एक माणूस ठेवा, आणि व्यवस्थापकाचा असा फोन नंबर द्या जो रात्री उचलला जाईल. अशा अटी त्या त्या जागेच्या परवान्यात लिहाव्यात आणि सहा महिन्यांनी शेजाऱ्यांना बोलावून तपासाव्यात, एवढी तरतूद राज्य सरकारने नियमांत करावी.