टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची?

पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, वणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या मोहल्ल्यात विचारा, वायरिंगचं काम जाणणारा कुणीतरी भाई सापडतोच. लहान वयात उस्तादांच्या हाताखाली लागला, भिंतीला खाचा पाडत, पाइप टाकत, बोर्ड भरत शिकला. आज पस्तिशी-चाळिशीला आलाय, अख्ख्या घराची वायरिंग एकटा करतो. पण घर बांधून झालं आणि महावितरणकडे नव्या मीटरचा अर्ज भरायची वेळ आली, की टेस्ट रिपोर्टवर सही लागते लायसन्सवाल्या ठेकेदाराची. मेहनत याची, सही दुसऱ्याची. मोठी कामंही मग त्या सहीवाल्याकडेच जातात.

हा नियम कुणी मनमानीने केलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार घरातला बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यासारखी किरकोळ कामं सोडली, तर नवी वायरिंग किंवा वायरिंगमधली वाढ परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवी. त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. 2010 च्या विनियमांतही हेच होतं. म्हणजे बिनपरवाना कारागीर कितीही हुशार असला, तरी कायद्याच्या नजरेत तो मदतनीसच. उद्या शॉक लागून किंवा शॉर्टसर्किटने काही विपरीत घडलं, तर त्याच्या बाजूने बोलणारा एकही कागद नसतो.

आमच्याकडे अनेक जण म्हणतात, “आता या वयात कुठं शाळेत जायचं?” म्हणून रस्ते नीट समजून घेऊ.

पहिला रस्ता आयटीआयचा. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन, हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास लागते, तारतंत्रीला आठवी पास चालते. प्रवेशासाठी किमान वय 14 आहे, वरची मर्यादा नाही. त्यामुळे चाळिशीतला माणूसही अर्ज करू शकतो. उर्दू माध्यमातून दहावी केलेल्यांनाही हा दरवाजा तितकाच खुला आहे. दहावी अर्धवट सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. आयटीआयचे अर्ज ऑनलाइन असतात आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत.

पण घर चालवणाऱ्या माणसाला दोन वर्षं दिवसभर वर्गात बसणं परवडतंच असं नाही. त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे. कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेला कारागीर खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी अर्ज करू शकतो. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही द्यावं लागतं. चौकशी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये करावी. अडचण एकच येते, अनुभवाचा पुरावा. रोखीने रोजी घेणाऱ्याकडे तो नसतो. म्हणून आजपासून ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घ्या, मजुरी शक्यतो बँकेत घ्या, केलेल्या कामांची नोंदवही ठेवा.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिरांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. ते नोकरीला उपयोगी पडतं, पण तो परवाना नव्हे, हे लक्षात असू द्या. पीएम विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत वीजकाम नाही, त्यामुळे त्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हा.

परवाना देतं राज्याचं अनुज्ञापक मंडळ. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती असलं की तारतंत्री परवान्यासाठी अर्ज करता येतो. पुढे अनुभवाने पर्यवेक्षक आणि त्यानंतर ठेकेदार, अशा पायऱ्या आहेत. ताजे नियम आणि फी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारा. “घरबसल्या सर्टिफिकेट आणून देतो” म्हणणाऱ्या एजंटाकडे मात्र जाऊ नका. राष्ट्रीय प्रमाणपत्र खरं की खोटं हे ऑनलाइन तपासता येतं, बनावट कागद पकडला जातोच.

“मला सगळं येतं, नवीन काय शिकायचं?” असंही काही जण म्हणतात. आम्ही त्यांना विचारतो, भाई, अर्थिंगचा रोध मोजलाय का कधी? आपल्याकडे कित्येक घरांत थ्री-पिनचं वरचं भोक मोकळंच असतं, तिसरी वायर टाकलेलीच नसते. गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी हे माणसाचा जीव वाचवण्यासाठी असतं, तर एमसीबी वायरिंगला ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतं. एकाचं काम दुसरं करत नाही. उन्हाळ्यात यवतमाळचा पारा चढला की कूलर रात्रंदिवस चालतो, त्यात पाणी आणि पत्र्याची बॉडी. अर्थिंग नसेल तर त्याच कूलरला घरातल्या लेकराचा हात लागतो. हे उस्तादांनी शिकवलं नसेल, तर शिकण्यात कसली शरम?

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे प्रेषितांनी (सल्ल.) आवर्जून सांगितलं आहे. वायरमनची कमाई तशीच हाताची, हलाल. पण भिंतीआड गेलेली वायर घरवाल्याला दिसत नाही. ती तो विश्वासावर सोडतो, म्हणून ती अमानत आहे.

जिल्ह्यातल्या जमातींना आणि तरुण मंडळांना आमची विनंती आहे. यंदा आयटीआयचे अर्ज सुरू होतील तेव्हा जुम्माच्या नमाजनंतर मशिदीत तसं जाहीर करा. फॉर्म भरून देणारी दोन मुलं एक दिवस बसवा. आणि घरच्यांनो, तुमच्या घरात असा एखादा कारागीर असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: आठवीचा दाखला कुठं ठेवलाय?