विक्रमांमधले अंतर: किती शरीराचे, किती संधीचे?

१९९२ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. व्हिप आणि वॉर्ड या शास्त्रज्ञांनी धावण्याच्या शर्यतींतील जागतिक विक्रम आलेखावर मांडले होते. स्त्रियांची रेषा पुरुषांच्या रेषेपेक्षा अधिक तिरपी होती. दोन्ही रेषा तशाच पुढे वाढवल्या, तर मॅरेथॉनमध्ये त्या १९९८ च्या सुमारास एकमेकींना छेदत होत्या! १९९८ आले आणि गेले. स्त्रिया काही पुरुषांच्या पुढे गेल्या नाहीत. मग चूक कुठे झाली?

आधी आकडे पाहू. १९६४ साल संपताना मॅरेथॉनमधील पुरुषांची सर्वोत्तम वेळ २ तास १२ मिनिटे होती. स्त्रियांची त्याहून तासाभरापेक्षाही जास्त. १९८५ मध्ये हा फरक १४ मिनिटांवर, म्हणजे पुरुषांच्या वेळेच्या ११ टक्क्यांवर आला. एकवीस वर्षांत स्त्रियांचे हृदय काही मोठे झाले नाही. वाढली ती धावणाऱ्या स्त्रियांची संख्या.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी ती पुरी केली, तरी ‘बायका कोसळल्या’ असा गवगवा वृत्तपत्रांनी केला. परिणामी १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यतच नव्हती. मॅरेथॉन तर १९८४ साली आली. ती जिंकणाऱ्या जोन बेनॉइटची वेळ १९५६ च्या पुरुष विजेत्यापेक्षा ८ सेकंदांनी कमी होती!

संख्येचा आणि विक्रमाचा संबंध वर्गातही दाखवता येतो. हजेरीपटातले कोणतेही पाच क्रमांक चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांतली सर्वांत जास्त उंची फळ्यावर लिहा. मग दहा, वीस, चाळीस जणांतली लिहा. आकडा सहसा आधी भराभर चढतो, मग रेंगाळतो. मुले तीच, उंची तीच. वाढतो तो फक्त निवडीचा घेर. विक्रमांचेही बरेचसे असेच असते. सुरुवातीचा वेगवान भाग सरळ रेषेने पुढे ओढणे, ही त्या टिपणातली चूक.

२००३ मध्ये फरक साडेदहा मिनिटे होता. २०२३ च्या अखेरीस ११ मिनिटे १८ सेकंद, म्हणजे ९ टक्के. वीस वर्षांत तो मिटत गेला नाही. हा उरलेला भाग मुख्यतः शरीराचा. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या धावण्यात फारसा फरक नसतो. त्यानंतर टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू वाढतात आणि रक्तातले हिमोग्लोबिनही वाढते. प्रौढ पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा १० ते १२ टक्के जास्त असते.

पण ‘शरीराचा फरक’ म्हणून जो ५०-६० वर्षांपूर्वी सांगितला जाई, त्यात दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा हिशेब नव्हता, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये १९२० पासून आहे. स्त्रियांची २००८ साली सुरू झाली. साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओला त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. वीस वर्षे आधी जन्मली असती, तर तिला ही शर्यतच मिळाली नसती.

आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवाच्या जुन्या वह्या असतील, तर मुलींच्या विक्रमांशेजारी त्या वर्षी किती मुली धावल्या तो आकडाही लिहून पाहा. पुष्कळ ठिकाणी तो नोंदवलेलाच नसतो.