पाण्याचा हिशेब ऑक्टोबरात

सप्टेंबर संपला की मराठवाड्याच्या पावसाचा निकाल एका आकड्यात लागतो: सरासरीच्या अमुक टक्के. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची इथली सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि हवामान खात्याच्या वर्गवारीत १९ टक्क्यांपर्यंतची तूट ‘सर्वसाधारण’च मानली जाते. या वर्गवारीत काय निसटते, ते २०२३ साली दिसले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने अशी ओढ दिली, की १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. मोसमाअखेर मात्र मराठवाड्याची तूट १९ टक्क्यांच्या आत राहिली आणि पाऊस ‘सर्वसाधारण’ ठरला. त्याच ऑक्टोबरात जायकवाडीचा उपयुक्त साठा निम्म्याहून कमी होता आणि महिनाअखेर राज्याने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मराठवाड्यातले अनेक तालुके होते. हवामान खात्याचा आकडा चुकीचा नव्हता. तो फक्त आभाळातून काय पडले ते सांगतो, आणि आपण त्याच्याकडून वर्षभराच्या पाण्याची हमी मागतो. ती हमी ऑक्टोबरात विहिरीची पातळी मोजूनच मिळू शकते, आणि रब्बीचे पीक त्या मोजणीवर ठरले पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी नदीचे पाहू. जायकवाडीच्या, म्हणजे पैठणच्या नाथसागराची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. हे पाणी मुख्यतः त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या घाटमाथ्यावरून येते. त्यामुळे पैठण परिसरात खंड पडलेला असतानाही धरण भरू शकते, आणि भोवती पिके तरारलेली असतानाही ते अर्धे राहू शकते. दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा ही धरणे वरच्या अंगाला झाल्यावर खाली किती पाणी सोडायचे, हा वाद उभा राहिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले आणि मेंढेगिरी समितीच्या सूत्राने त्याला एक तारीख दिली: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे. २०२३ मध्ये याच सूत्रानुसार सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. म्हणजे नदीच्या पाण्याचा निवाडा पावसाच्या टक्केवारीवर करायचा नाही, ऑक्टोबरातल्या साठ्यावर करायचा, हे आपण मान्य केलेले आहे. भूजलाला हा न्याय अजून लागू झालेला नाही.

तो का लागू व्हायला हवा, ते विहिरीच्या कडेला उभे राहून खाली पाहिले की कळते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला, सच्छिद्र खडक आणि तळाला अखंड काळा पाषाण. पाणी मावते ते मधल्या दोन थरांत, तेही फार थोडे: बेसाल्टच्या घनफळात उपशाला मिळणारे पाणी साधारण एक ते तीन टक्के. शिवाय चिकट काळ्या मातीतून पाणी सावकाश मुरते. संथ झडीचा पाऊस जमिनीत जिरतो, पण दोन तासांत कोसळलेला शंभर मिलिमीटर पाऊस ओढ्याने निघून जातो. पर्जन्यमापकात दोन्ही सारखेच दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा यांच्या काठची शेते वाहून गेली. त्या महिन्याने सरासरी फुगवली, पण तुडुंब भरलेल्या खडकात त्यातले किती उतरणार?

आता एका हेक्टरचे गणित मांडू. साडेसहाशे मिलिमीटर पावसातला ढोबळमानाने दहा टक्के मुरला, तर हेक्टरी साडेसहाशे घनमीटर पुनर्भरण होते. उसाला वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे पाचशे त्याच्या कामी आले असे धरले, तरी उरलेले पंधराशे उपशातून द्यावे लागतात, म्हणजे हेक्टरी पंधरा हजार घनमीटर. जिथे ते विहिरी-बोअरमधून येते, तिथे एक हेक्टर ऊस तेवीस हेक्टरांचे पुनर्भरण पितो. हरभऱ्याला साठ-साठ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर बाराशे घनमीटर पुरतात, म्हणजे दोन हेक्टरांचेही पुनर्भरण लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की २०१४ आणि २०१५ मध्ये सलग चाळीस टक्क्यांच्या आसपास तूट पडली, तेव्हा कोणता हिशेब कामी आला असता? पाऊसच नसेल तर पाणी निर्माण होत नाही, हे खरेच. पण अशाच वेळी आहे ते कुणाला द्यायचे, हा प्रश्न सर्वांत तीव्र असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. वरच्या गणिताने एक हेक्टर उसाचा वर्षाचा उपसा दीड कोटी लिटर, म्हणजे त्या पूर्ण गाडीच्या सहा खेपा.

दुसरा आक्षेप साठवणुकीचा: बंधारे बांधा, नाले खोल करा, पाणी अडवा. अडवलेच पाहिजे. पण जलयुक्त शिवारावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले. उपशावर बंधन नसेल तर वाढलेले पाणी नव्या बोअरमध्ये आणि वाढीव उसात जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उसाला ठरलेला भाव आणि घेणारा कारखाना आहे. हरभऱ्याचा, ज्वारीचा भाव बाजारावर. मग शेतकऱ्याने त्याग का करावा? करू नये. म्हणूनच पिकांचे नियोजन नुसत्या उपदेशावर चालणार नाही. कमी पाण्याच्या पिकांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी हा पाणी धोरणाचाच भाग मानावा लागेल. हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरवली, ऊस आणि शेतीसाठीचे बोअर टाळले, हे खरे. पण एका गावाच्या एकीवर आठ जिल्हे चालवता येत नाहीत.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आजही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. ऑक्टोबरच्या नोंदीवरून कोणत्या गावांना कधी टंचाई भासेल, याचा अंदाजही निघतो. मात्र तो टँकर आणि विहीर अधिग्रहणाच्या आराखड्याला जातो, पेरणीच्या निर्णयाला नाही. एका पाणलोटातल्या दोन-तीन विहिरी सगळ्या शिवाराचे चित्र देत नाहीत, हा दोष मान्य. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक गावाने आपल्या काही विहिरी त्याच आठवड्यात मोजून त्या नोंदी जोडणे. मग ग्रामसभेत आधी उन्हाळ्याचे पिण्याचे पाणी बाजूला काढावे, उरलेल्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे आणि नव्या ऊस लागवडीला त्यानंतरच वाव द्यावा. मे महिन्यात टँकरवर होणारा खर्च ऑक्टोबरात हरभरा-ज्वारीच्या खरेदीची हमी देण्याकडे वळवला, तर शेतकऱ्याला तो निर्णय परवडेलही.