ईदच्या बाजारात गल्ला सांभाळा, गिऱ्हाईकही सांभाळा

रमजानचा शेवटचा अशरा लागला की कापड बाजाराची रंगत पालटते. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो, मालेगाव असो की भिवंडी, तरावीहनंतर जी गर्दी लोटते ती मध्यरात्र उलटली तरी हटत नाही. वर्षभर उधारीवर चालणाऱ्या आपल्या धंद्यात याच दहा दिवसांत रोख पैसा दिसतो. पण जेथे गर्दी आणि रोकड एकत्र येते, तेथे पाकीटमारही येतो. म्हणून व्यापारी बांधवांनी आणि खरेदीला येणाऱ्या भगिनींनी काही गोष्टींची खबरदारी घेणे जरुरीचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाँदरातीला विड्या वळून घर चालवणारी एक बाई माझ्या दुकानात आली. चार मुलांचे कपडे निवडले, हिशेब झाला. पैसे काढायला गेली तर पर्सला ब्लेडने चीर पडलेली! महिनोन्‌महिने जमवलेली रक्कम गेली. मुलांचे कपडे आम्ही तिला दिले, पण बाकीची ईद तर गेलीच. नंतर विचार केला तेव्हा माझी चूकही लक्षात आली. कटपीसचा ढीग मी दारातच मांडला होता. त्यामुळे बाया तेथे खेटून उभ्या राहत आणि चोराचे आयतेच फावे. दुसऱ्या वर्षापासून ढीग आत नेला, दार मोकळे ठेवले. तेव्हापासून दारात अशी तक्रार आली नाही.

पाकीटमार सहसा एकटा नसतो. एक जण धक्का देतो किंवा "कपड्याला घाण लागली" म्हणून बोलण्यात गुंतवतो, दुसरा हात मारतो आणि माल तिसऱ्याकडे जातो. म्हणून कोणी विनाकारण अंगाशी आले की आधी पर्सवर हात ठेवावा. सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. पाकीट मागच्या खिशात नको. दागिने घालून बाजारात येऊ नये. लहान मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. मूल चुकले तर ११२ वर पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइनला ताबडतोब कळवावे.

दुकानदारांसाठी इफ्तारची वेळ सर्वांत नाजूक असते. सगळे एकदम रोजा सोडायला बसतात आणि गल्ला उघडा राहतो. पाळी लावावी, एक माणूस गल्ल्याजवळच रोजा सोडेल असे करावे. रोकड रोजच्या रोज बँकेत भरावी. पाचशेची नोट घाईत घेऊ नये. ती तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो आणि दोन्ही कडांना पाच उंच रेघा बोटाला लागतात.

आता निम्मा व्यवहार मोबाइलवर होतो. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचे चित्र दाखवते आणि गर्दीत पोरगा माल देऊन मोकळा होतो. नंतर खात्यात काहीच नसते. असे चित्र ही पावती नव्हे. आपल्या खात्यात रक्कम आली तरच माल द्यावा. रोज सकाळी दुकानावरचा क्यूआर कोड तपासावा, त्यावर दुसऱ्याचा कोड चिकटवल्याचे प्रकार घडले आहेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे नोकरांना पक्के सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० वर वेळ न दवडता तक्रार करावी.

चोरीपेक्षा मोठा धोका चेंगराचेंगरीचा आणि आगीचा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जीव गेले. पाऊस होता, जिना अरुंद होता, लोक वाट अडून उभे होते. आपल्या गल्ल्या त्याहून रुंद आहेत काय? फळ्या आणि पुतळे रस्त्यावर आणू नयेत. जिन्यात तागे रचू नयेत. रोषणाईसाठी एकाच प्लगवर दहा वायरी ओढू नयेत. आग विझवण्याचे नळकांडे गल्ल्याजवळ असावे आणि ते वापरता यावे. मालेगावने २००६ आणि २००८ साली स्फोटांचे दुःख सोसले आहे. बेवारस पिशवी किंवा गाडी दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. चोर सापडला तर त्याला मारहाण करू नये. पोलिसांच्या हवाली करावे. कोणाच्या फाटक्या कपड्यांवरून किंवा बुरख्यावरून संशय घेणेही गैर आहे. बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आपल्याला आहेच. एका निरपराध्याला मार बसला तर पूर्ण महिन्याच्या कमाईतली बरकत जाईल.

आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. गिऱ्हाईक सुखरूप घरी पोहोचले तर पुढच्या ईदला ते पुन्हा आपल्याच दुकानी येईल. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.