निवृत्तीच्या अंगणात घडते विमान

सेवानिवृत्तीचे नियोजन म्हटले की निवृत्तिवेतन, मुदत ठेवी, आरोग्य विमा आणि फार तर एखादी तीर्थयात्रा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. हाती येणाऱ्या मोकळ्या वेळेचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. अमेरिकेतील काही निवृत्त मंडळींनी त्याला दिलेले उत्तर थक्क करणारे आहे. ही मंडळी घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधतात. शोभेचे नव्हे, तर स्वतः आत बसून उडवावयाचे.

या छंदाला तेथे मोठी परंपरा आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या संस्थेचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑश्कोश येथे भरतो. कायद्याचीही या हौसेला मान्यता आहे. मात्र विमानाच्या घडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनीच, आणि तेही केवळ शिक्षण वा विरंगुळा म्हणून केलेले असले पाहिजे. अशा विमानाच्या प्रवेशद्वाराजवळ ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो.

विमानाचे सुटे भाग संचाच्या रूपाने विकत मिळतात. ओरेगॉन राज्यातील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी. बांधणारा बहुधा शेपटीच्या भागापासून आरंभ करतो, मग पंख आणि त्यानंतर मुख्य सांगाडा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना भोके कारखान्यातच पाडलेली असतात. तरीही प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करावी लागते, कारण खरखरीत कडेपासूनच पुढे तडा जाण्याचा धोका असतो. रिव्हेट ठोकताना एकाने बाहेरून हवेच्या दाबावरील हातोडा चालवावा आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा धरावा, अशी जोडीची गरज भासते. कित्येक घरांत हा दुसरा हात सहधर्मचारिणीचा असतो.

दोन आसनांच्या अशा विमानाला साधारणपणे दीड ते दोन हजार तास लागतात. नोकरी सांभाळून आठवड्याला पाच तास देणाऱ्याला सहा ते आठ वर्षे लागतील. निवृत्त गृहस्थ पंधरा तास देऊ शकला, तर हेच काम दोन-अडीच वर्षांत आटोपते.

खर्चही टप्प्याटप्प्याने करता येतो, ही या छंदाची जमेची बाजू. शेपटीचा संच तुलनेने स्वस्त असतो. तो पूर्ण करताना आपली चिकाटी आपल्यालाच कळते आणि पुढील रक्कम गुंतवावी की नाही, हे ठरविता येते. परंतु इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणे वेगळी घ्यावी लागतात. त्यांचा खर्च सांगाड्याच्या संचाहूनही अधिक होऊ शकतो. आगाऊ रक्कम भरण्यातही जोखीम आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्स कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले, तेव्हा मागणी नोंदविलेल्या अनेक ग्राहकांना वाढीव दर पत्करावे लागले. २०२४ मध्ये कंपनी त्या संकटातून बाहेर पडली.

खरी कसोटी पुढेच असते. तपासणीनंतर प्रारंभीची २५ किंवा ४० तासांची उड्डाणे ठरावीक क्षेत्रात, प्रवासी न घेता करावी लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ मधील अभ्यासात असे दिसून आले की, या विमानांचे अपघात त्यांच्या सुरुवातीच्या उड्डाणांत विशेष प्रमाणात होतात. म्हणूनच २०१४ पासून या चाचण्यांत पात्रताप्राप्त दुसरा वैमानिक सोबत घेण्याची सोय झाली. दोन वर्षे रिव्हेट ठोकण्यात रमलेल्याचा उड्डाणाचा सराव सुटलेला असतो; विमान नवे आणि वैमानिक विसरलेला, हा संयोग घातक ठरतो. वाढत्या वयात प्रकृतीचा विचारही हवाच. मे २०१७ पासून तेथील खासगी वैमानिकांना, काही अटींवर, चार वर्षांतून एकदा सर्वसाधारण डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन उड्डाण चालू ठेवता येते. तरीही कोणत्या दिवशी जमिनीवर राहावे, हे ज्याचे त्यानेच प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

ही जिद्द आपल्या मातीलाही अपरिचित नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान साकारले. त्यांनी तयार संच न घेता आराखडाही स्वतःच केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. यादव निवृत्त नव्हते. पण घरच्या जागेत विमान घडू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

या क्षेत्रातील जाणकारांचा एक सल्ला मननीय आहे: केवळ उडण्याची हौस असेल, तर तयार विमान घ्यावे, घडविण्याची आवड असेल, तरच बांधावयास घ्यावे. कारण अर्धवट राहिलेल्या विमानाला बाजारात फारशी किंमत येत नाही. आपण विमान बांधू वा न बांधू, निवृत्तीनंतरचा उद्योग निवडताना हा निकष प्रत्येकाला लावता येईल. शेवटी हाती काय येईल, यापेक्षा रोज सकाळी उठून ते काम करण्यात आनंद वाटेल का, हे आधी पाहावे. पैशाचे अंदाजपत्रक आपण काटेकोरपणे मांडतोच. उरलेल्या तासांचे अंदाजपत्रकही तितक्याच काळजीने मांडावयास हवे.