बाबा, रेडिएशन आणि मधली एक सेंटिमीटर जागा

आमच्या घरात ‘प्रोस्टेट’ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो आईने. तोही स्वयंपाकघरातून, वरणाला फोडणी देता देता. “अरे, तुझ्या बाबांना रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. म्हणतात वय झालं. प्रोस्टेटचं तर काही नसेल?” बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर तसाच तोंडासमोर राहिला, पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मी तेव्हा दिवाळीसाठी पुण्याहून धारला आलो होतो. बाबा ७१ वर्षांचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी स्कूटरवरून तिरल्याच्या शेतावर जाणार, सोयाबीन असो की गहू, बांधावर एक चक्कर मारून अकराला परत. असा माणूस आजारी आहे हे कोणाच्या मनातच येत नाही. खरं तर त्या रात्रीच्या उठण्याचा कॅन्सरशी फारसा संबंधही नव्हता, ती वयानुसार वाढलेल्या ग्रंथीची तक्रार होती. पण तिच्यामुळे रक्ताची पीएसए तपासणी झाली. आकडा ११ च्या वर. मग एमआरआय, बायोप्सी, हाडांचा स्कॅन. निदान: प्रोस्टेटचा कॅन्सर, मध्यम जोखमीचा, ग्रंथीच्या बाहेर न गेलेला.

इंदूरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, “शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. दोन्ही चालेल. घरी बोलून ठरवा.”

हे ‘घरी बोलून ठरवा’ फार अवघड निघालं. हृदयाची नळी बंद असली की डॉक्टर सांगतात आणि आपण करतो. इथे डॉक्टरच निवडायला सांगत होते. मी बीई, म्हणजे कुठलाही प्रश्न एक्सेलमध्ये मावतो असं मानणारा. रात्री दोनपर्यंत बसून तक्ता केला. एका बाजूला रोबोटिक शस्त्रक्रिया, रेडिएशनचे प्रकार, प्रोटॉन. दुसऱ्या बाजूला खर्च, सिटिंग, यशाची टक्केवारी, साइड इफेक्ट. रंगसुद्धा भरले.

वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि जिवात जीव आला. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात १६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं होतं. एका गटाची शस्त्रक्रिया, एकाला रेडिएशन, आणि एका गटावर नुसती बारीक नजर. या अभ्यासाचं नाव प्रोटेक्ट. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले, तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण शंभरात साधारण तीन एवढंच होतं. फरक होता तो जगण्याच्या प्रकारात. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये लघवी गळणं आणि लैंगिक अडचणी जास्त, रेडिएशनवाल्यांमध्ये शौचाच्या तक्रारी थोड्या जास्त. त्यातले बरेचजण कमी जोखमीचे होते, त्यामुळे हे आकडे बाबांना जसेच्या तसे लागू नव्हते. पण दोन-चार आठवडे विचार करायला वेळ आहे, एवढं तरी नक्की झालं.

तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो अख्खा वाचला आणि विचारलं, “धार ते इंदूर ६० किलोमीटर बसमध्ये मला लघवी किंवा संडास आवरता येईल का, ते यात कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं लिहिलेलं.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदा मोकळे बोलले. मरणाची भीती फारशी नाही म्हणाले. चारचौघांत कपडे खराब होतील ही भीती. डायपर लावून शेतात उभं राहायचं नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. तोपर्यंत आम्ही दोघं फार तर सोयाबीनच्या भावावर आणि माझ्या गाडीच्या हप्त्यांवर बोलायचो. पण शस्त्रक्रिया नको, रेडिएशन, हा निर्णय त्याच संध्याकाळी झाला.

आता स्पेसरची गोष्ट. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली असतं आणि त्याच्या अगदी पाठीला गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. मध्ये जेमतेम काही मिलिमीटर. त्यामुळे किरण कितीही नेमके सोडले तरी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला थोडी झळ बसतेच. यावर उपाय म्हणून या दोघांच्या मध्ये एक जेल भरतात. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून, सोनोग्राफीत बघत, सुईने दोन द्रव एकदम सोडतात. ते आत मिसळले की काही सेकंदांत त्यांचं जेल होतं आणि साधारण एक सेंटिमीटरची जागा तयार होते. तीन महिने ते टिकतं, मग विरघळत जातं आणि सहा महिन्यांच्या आसपास शरीराबाहेर पडतं. अमेरिकेत या जेलला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. नंतर हायलुरोनिक आम्लाचं जेल आलं, विरघळणारा फुगाही आला.

हे सगळं मला सांगितलं न्यू जर्सीच्या आतेभावाने. काकांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, तिकडे हेच झालं होतं. आधी स्पेसर, मग पाचच सिटिंग. “दादा, स्पेसरशिवाय करूच नकोस. इथे सगळे घालतात.” एवढ्या ठामपणे बोलला की मला वाटलं, आपण बाबांना हेल्मेट न देता गाडीवर बसवतोय.

मी काकांशीच बोललो. “घालताना काही कळलं नाही,” ते म्हणाले, “पण पुढे दोन आठवडे खुर्चीत बसलं की खाली खडा ठेवल्यासारखं वाटायचं. शौचाचा त्रास शून्य. लघवीची जळजळ मात्र महिनाभर होतीच.” हे मी लिहून घेतलं, कारण ते जाहिरातीत नसतं. स्पेसर गुदाशयाला वाचवतो. मूत्राशय आणि मूत्रनलिका जिथे असतात तिथेच असतात.

एका रुग्णालयात चौकशीला गेलो तर डॉक्टरांच्या आधी पॅकेज समजावणाऱ्या बाई भेटल्या. स्पेसरचं पॅकेज ‘प्रीमियम’. बाबा हळूच म्हणाले, “हॉटेलची खोली घेतोय का आपण?” आम्ही चहा पिऊन बाहेर पडलो.

शेवटी जिथे उपचार घेतले तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी थेट विचारलं. त्यांनी कागद ओढला. स्पेसरच्या मुख्य चाचणीत २२२ पुरुष होते. तीन वर्षांनी पाहिलं तर जेल न घातलेल्या शंभरांतल्या साधारण नऊ जणांना गुदाशयाचा काही ना काही त्रास होता, जेल घातलेल्यांत दोघांना. “फायदा खरा आहे,” त्या म्हणाल्या, “पण हाच आकडा उलटा वाचा. न घातलेल्यांतल्या एक्क्याण्णव जणांना काही झालं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, आतड्याचा जुना आजार असेल, तर मी जास्त आग्रह धरेन. शिवाय ही सुईची प्रक्रिया आहे. क्वचित जंतुसंसर्ग होतो, जेल चुकीच्या जागी जातं. रोज करणाऱ्या हाताने करावं.” त्यांच्याकडे ती सोय नव्हती. हवं असेल तर मुंबई किंवा अहमदाबाद.

मी मुंबईच्या बाजूने होतो. बाबांनी विचारलं, “तिकडे जेल घालायचं आणि सिटिंग इथे?” मग मशीन, योजना, डॉक्टर, सगळ्यांचा मेळ घालणं आलं. सगळंच मुंबईत करायचं तर आईचे गुडघे, भाड्याची खोली, शेत. बाबा म्हणाले, “मी नव्वदातला निघेन. आणि नाही निघालो तर बघू.”

पाचऐवजी वीस सिटिंग ठरल्या. पूर्वी ३७ लागायच्या. ब्रिटनच्याच ३२१६ जणांच्या दुसऱ्या एका चाचणीने २०१६ मध्ये दाखवलं की वीस सिटिंगमध्येही तेवढंच काम होतं. पाच सिटिंगचेही चांगले निकाल आता आले आहेत, आणि जास्त जोखमीच्या रुग्णांना पाच पुरतील का याची चाचणी टाटा मेमोरियलने हाती घेतली. आपल्याकडे ५ आणि २० यांतला फरक म्हणजे १५ वेळा धार-इंदूर-धार, हे तिथल्या डॉक्टरांना आपल्याहून चांगलं ठाऊक असणार.

रेडिएशनचं खरं काम मशीनबाहेरच्या बाकावर चालतं. मूत्राशय भरलेलं हवं आणि गुदाशय रिकामं. रोज तेवढंच, म्हणजे आतले अवयव रोज त्याच जागी येतात. बाबा अर्धा लिटर पाणी पिऊन घड्याळाकडे बघत बसायचे. आधीच्या रुग्णाला उशीर झाला की बाकावरचे सगळे पाय जुळवून बसायचे, कोणी कोणाशी बोलायचं नाही. एका सोमवारी स्कॅन बघून तंत्रज्ञ बाहेर आला: “अंकल, गॅस है, थोड़ा टहल के आइए।” रविवारी तिरल्याला वाटेकऱ्याकडे दाल-बाफले झाले होते. आईने त्यानंतर महिनाभर राजमा, हरभरा आणि बाफले यांना घरबंदी केली.

त्याच बाकावर देवासचे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांना स्पेसर हवा होता, पैशांचीही तयारी होती. पण त्यांची गाठ मागच्या बाजूने ग्रंथीबाहेर आली होती. तिथे जेल भरलं तर बाहेर आलेल्या पेशी गुदाशयाबरोबर किरणांपासून लांब सरकायची भीती. डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्यांची शेवटपर्यंत चुटपुट होती, आणि बाबा रोज त्यांना नव्वदांचा हिशेब समजावून सांगायचे.

हार्मोनचं इंजेक्शनही होतं, सहा महिने. बाबांना ऐन जानेवारीत घाम फुटायचा, पंखा लावा म्हणायचे. आई शांतपणे म्हणाली, “आता कळलं, पंचेचाळिशीनंतर मला काय होत होतं?”

सगळं निभावलं. आणि बरोबर चौदा महिन्यांनी बाबांचा फोन आला: शौचात रक्त. ते एका वाक्यात बोलले, मी मात्र रात्रभर जागा होतो. एक सेंटिमीटर जागा. मुंबईचं तिकीट मी का काढलं नाही? आतेभावाला सांगायची हिंमत झाली नाही.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. प्रोस्टेटचं रेडिएशन झालेल्या माणसाची दुर्बिणीने तपासणी करायची असेल तर त्या डॉक्टरांना रेडिएशनचं आधी सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला तर ती जखम भरता भरत नाही, भोकही पडू शकतं. आम्ही सांगितलं, फाइल दाखवली. त्यांनी नुसतं पाहिलं. किरणांमुळे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, वाट पाहू, म्हणाले. चार महिन्यांत रक्त थांबलं.

त्या काळात एकदा धीर करून विचारलं, “बाबा, स्पेसर घालायला हवा होता का?”

ते स्कूटर पुसत होते. “घातला असता तर बरं झालं असतं कदाचित,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण इंदूरला जाताना एकदाही बस थांबवावी लागली नाही हं मला.”

शेवटचा पीएसए ०.३ आला. पुढची तपासणी नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर. बाबांनी कालनिर्णयवर तारखेला गोल केलाय, आणि शेजारी लिहिलंय: गव्हाची पेरणी झाल्यावर.